सरपंचाची सातची सुई

फोन आला तेव्हा डॉ. पुनम बिरादार एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होती. सकाळचे साडेदहा वाजले होते, मे महिना होता, आणि औसा रोडवरच्या तिच्या दवाखान्यातला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता.

"मॅडम, जल्दी या," पलीकडून हुस्ना बोलत होती. "सरपंचाला झटके येऊन राहिले. तोंडाला फेस हाय. पाय ताठ झालेत."

पुनमच्या हातातली पट्टी सुटली. "सकाळी किती दिलं?"

"तुम्ही लिहिलं तेवढंच. चौदा."

"मध आहे ना घरात? हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आलेच मी."

सरपंच हा बोका होता, हे आधीच सांगितलेलं बरं. वजन साडेसात किलो, डोकं नारळाएवढं, जबडा पुढं आलेला, पंजे कुत्र्याचे वाटावेत असे. विठाबाईच्या मेसमध्ये जेवणाऱ्या क्लासच्या पोरींनी त्याचं हे नाव ठेवलं होतं, कारण पंगत बसली की तो न विचारता प्रत्येकीच्या ताटापर्यंत चक्कर मारायचा आणि कुणी हाकललं तर नुसता बघत राहायचा. जानेवारीत तो पाण्याच्या भांड्यापासून हलेना, तेव्हा विठाबाईनं त्याला टोपलीत घालून पुनमकडं आणलं. साखर साडेचारशे निघाली. साखरेचा आजार झालेलं मांजर वाळत जातं. हा तर फुगत चालला होता. पुनमला ते खटकलं. तिनं रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवलं आणि उत्तर आलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत गाठ आहे. त्या गाठीतून वाढीचा रस पाझरतो, हाडं आणि पंजे वाढवतो, आणि इन्सुलिनला दाद देत नाही. त्यावरचं ऑपरेशन आपल्याकडं होत नाही. हातात उरलं एवढंच: मोजून खाणं, आणि सकाळी सात, संध्याकाळी सात, इन्सुलिनची सुई.

उदगीरच्या कॉलेजात म्हशी आणि बैल शिकून आलेल्या पुनमला हा रोग पुस्तकातल्या अर्ध्या पानापुरता माहीत होता. अशा मांजरांना डोस चढवावा लागतो, असं तिथं लिहिलं होतं. तिनं चढवला. चार युनिटांवरून चौदावर नेला.

आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच चौदानं सरपंच पहिल्यांदा कोसळला होता. घाबरून तिनं डोस निम्मा केला, तर तिसऱ्या दिवशी साखर मीटरच्या बाहेर गेली, लघवीत विषारी आम्लं उतरली आणि बोका खाईना. मग पुन्हा चौदा. चौदानं मरतो आणि सातानं खंगतो, तर द्यायचं किती? तिनं स्कूटी काढली. आज संध्याकाळी सातपर्यंत तिला कागदावर एक आकडा लिहायचा होता. तो चुकला तर सरपंच गेला, आणि तो तिच्या अक्षरातल्या आकड्यानं गेला असता.

घर ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत होतं. दर पाच पावलांवर निकालांचे फलक, फलकांवर पहिल्या आलेल्यांचे हसरे चेहरे, आणि फलकांच्या मागं वर वर चढत गेलेली हॉस्टेलं. विठाबाईच्या बजरंगनंही क्लासच्या पोरी ठेवायला मूळ घरावर तीन मजले चढवले होते. विठाबाई खाली मेस चालवायची. पोराची इमारत गल्लीत सगळ्यात उंच, पण म्हातारी मात्र झोपायची अंगणात, बारा महिने तेरा काळ. टँकरच्या पाण्याचे ड्रम, पत्र्याचं छोटं छप्पर, त्याखाली तिची बाज आणि बाजेखाली कुलूप लावलेली लोखंडी पेटी. "आईला मजले सोसत न्हाईत," असं बजरंग हसत सगळ्यांना सांगायचा.

सरपंच मेसच्या फरशीवर आडवा पडला होता. डोळे उघडे, पण कुणाला बघत नव्हते. हुस्ना गुडघ्यांवर बसून त्याच्या हिरड्यांना मध चोळत होती आणि तिच्या ओढणीला सगळीकडं मध लागला होता. पुनमनं कानाच्या शिरेला टोचलं, मीटरच्या पट्टीवर थेंब घेतला. एकतीस.

पायाची शीर सापडेना. एवढा मोठा पंजा आणि शीर दोऱ्यासारखी. तिसऱ्या टोचणीला सापडली, ग्लुकोज आत गेलं, मागून सलाइन लावलं. पाय सैल पडले. थोड्या वेळानं सरपंचानं मान उचलली आणि अंग चाटायचा एक केविलवाणा प्रयत्न केला. साखर अठ्ठ्याण्णव. पुनम भिंतीला टेकून बसली, तेव्हा आपला कुर्ता पाठीला चिकटलाय हे तिला कळलं.

"आता मला सगळं सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

हुस्ना शेजारच्या खाजामियाँ टेलरची सून. एका खासगी दवाखान्यात नर्स होती, म्हणून सुई तिच्याकडं आली. विठाबाईच्या गळ्यात माळ, तिच्या चुलीवर मांस चढत नाही, म्हणून सरपंचाचं कोंबडीचं मांस उकडायचं कामही हुस्नाकडंच. मीठ नाही, मसाला नाही, काट्यावर तोलून डब्यातून यायचं.

"आधी खाणं की आधी सुई?"

"खाणं. तुम्ही सांगितलंय तसं. साठ ग्रॅम कोंबडी, एक उकडलेलं अंडं. ताट चाटून साफ केलं त्यानं."

"सिरिंज दाखवा."

हुस्नानं दाखवली. लाल टोपीची, मिलीला चाळीस युनिटांची. कुपीही चाळीसची. जुळत होतं.

"चौदा भरून दाखवा."

तिनं कुपी तळहातांमध्ये हलकेच फिरवली, दुधासारखं गढूळ औषध एकसारखं केलं आणि चौदाच्या रेघेपर्यंत ओढलं. एक बुडबुडा आला, तो टिचकी मारून काढला. चौदा म्हणजे चौदा.

"ही कुपी कधी उघडली?"

"आज सकाळी. जुनीत थेंबभरच राहिलं होतं. ही काल मीच दुकानातून आणली, बर्फाच्या पिशवीत, आणि फ्रिजात ठेवली."

पुनमनं कुपी उजेडात धरली. औषध मानेपर्यंत भरलेलं. म्हणजे एकच सुई गेली होती, दोनदा टोचल्याची शंका मिटली. तिचं मन कुपीपाशी क्षणभर थांबलं आणि पुढं गेलं. नवी कुपी तर दर पंधरवड्याला उघडत होती. त्यानं आजवर काही बिघडलं नव्हतं.

"पोरींपैकी कुणी त्याला काही घातलं?"

"घातलं तरी भाकरी, न्हाई तर दूध. त्यानं साखर वाढंल मॅडम, उतरायची न्हाई."

तेही खरं होतं.

दारात बजरंग उभा होता. तिशीला टेकलेला, अंगानं भक्कम, एरवी हसतमुख. आता हसत नव्हता.

"डॉक्टर, तुम्ही सुई, मांस, सगळं विचारून राहिलात. एक विचारलं न्हाई. मागच्या टायमाला झटके आले त्या दिवशी आई कुठं होती?"

पुनमनं मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

"नांदेडला. डोळ्याच्या ऑपरेशनला. मीच घेऊन गेलो होतो. आज कुठं हाय? नांदेडलाच, डोळा दाखवायला. काल दुपारी गेली. चार महिन्यात आई दोनदाच घराबाहेर झोपली, आणि दोन्ही टायमाला हा मरायला टेकला. आई असली की काही होत न्हाई. आता ह्याचं मांस कोण आणतं? सुई कोण टोचतं?"

हुस्नाच्या हातातली सिरिंज खाली आली. "बजरंगभाऊ, काय बोलता तुम्ही?"

"मागच्या आठवड्यात हीच आईला म्हणली, सात-सात करून जीव आंबला माझा."

"म्हणले मी. थकले होते म्हणून म्हणले. पण सोडलं का एक दिवस तरी?"

"ते पोलिसाला सांगायचं."

आजवर ज्या बाईला तो आपा म्हणत आला, तिला तो आज 'ही' म्हणत होता. नर्सच्या हातून इन्सुलिन चुकलं, नव्हे, तिनं मुद्दाम चुकवलं, अशी गोष्ट गल्लीत फिरली तर तिला कुठल्याही दवाखान्यात कुणी सुई हातात देणार नव्हतं. पुनमला ते कळलं आणि तिची भीती दुप्पट झाली, कारण बजरंगचं म्हणणं खोडून काढायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. भिंतीवर तिनंच लावलेला तक्ता होता. हुस्नानं त्यात रोजची साखर लिहिलेली. दोन्ही घातवार तिनं तपासले. बजरंग खरं बोलत होता.

"पोलिसाचं नंतर बघू," पुनम म्हणाली. "विठामावशी येईपर्यंत कुणी कुठं जाऊ नका."

"बारापर्यंत येईल आई."

पाऊण तास होता. पुनम तक्त्यासमोर उभी राहिली. तक्त्यावर तिचंच अक्षर: जानेवारीत चार, फेब्रुवारीत पाच, मार्चमध्ये आठ, एप्रिलच्या सुरुवातीला अकरा, मग चौदा. गाठ वाढतेय, असं ती दर वेळी मनाशी म्हणाली होती. जानेवारी-फेब्रुवारीत जी गाठ जवळजवळ गप्प होती, ती मार्चपासून का उसळली?

"रिकाम्या कुप्या टाकता कुठं?" तिनं विचारलं.

"टाकत न्हाई. डब्यात ठेवते. दवाखान्याच्या कचऱ्यासोबत जाळायला देते."

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सहा रिकाम्या कुप्या निघाल्या. पुनमनं एक उजेडात धरली. आतल्या काचेवर पांढरट कण चिकटले होते, गिरणीतल्या काचेवर पीठ बसावं तसे. दुसरीवरही. शेवटच्या तीन कुप्यांत तर थरच. आज उघडलेली कुपी तिनं शेजारी धरली. तिची काच स्वच्छ होती.

नकळत तिनं एक कुपी नाकाजवळ नेली. इन्सुलिनला स्वतःचा औषधी वास असतो. हा तो नव्हता. लेबलाच्या कागदातून डांबरगोळीचा वास येत होता. लोकरीच्या कपड्यांत घालतात ती पांढरी गोळी.

"फ्रिजात डांबरगोळ्या ठेवता का तुम्ही?"

बजरंगनं तिच्याकडं असं बघितलं, जणू उन्हानं डॉक्टरीणबाईला काहीतरी झालंय. "फ्रिजात? कशाला?"

पुनमनं फ्रिज उघडून डोकं आत घातलं. दही, कोथिंबीर, उरलेलं वरण. डांबरगोळीचं नाव नाही.

"हुस्ना, पंधरा दिवसांपूर्वी झटके आले, त्या दिवशीही कुपी नवी होती?"

हुस्नानं आठवलं. "हाव. त्या दिवशीही जुनी संपली होती. मावशी नव्हत्या, म्हणून मीच आणली."

"ती कुपी कुठंय? ह्या सहांत स्वच्छ काचेची एकही नाही."

"तिच्यातून एकच सुई गेली. मावशीनं आल्यावर बदलून दुसरी दिली. म्हणल्या, हिच्यानं झटके आले, ही टाकली मी."

"एरवी कुपी फ्रिजातून कोण काढतं?"

"मावशीच. सातला हातात देतात. फ्रिजाला दुसऱ्यानं हात लावलेला आवडत न्हाई त्यांना."

पुनमच्या मनात एक गोष्ट जुळत आली होती आणि ती तिला आवडत नव्हती.

विठाबाई सव्वाबाराला आली. नांदेडच्या बसनं, डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी. फाटकातच तिला बजरंगनं सांगितलं. ती मेसच्या दारापर्यंत धावली, पण उंबऱ्याशी थबकली.

"जित्ता हाय?"

"आहे, मावशी. आत या."

"त्याला भाईर आना. मोकळ्यात आना आधी." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "आत नका ठेवू त्याला."

पुनमनं सरपंचाला उचललं, सलाइनची बाटली हुस्नानं धरली, आणि सगळे अंगणात आले. विठाबाईनं बाजेवर बसून बोक्याचं भलंमोठं डोकं मांडीवर घेतलं.

"मावशी, एक विचारू? दुकानातून नवी कुपी आली की तुम्ही ती कुठं ठेवता?"

"फ्रिजात."

"लगेच?"

"हाव."

"मग रिकाम्या कुप्यांना डांबरगोळीचा वास का येतो?"

काळ्या चष्म्यामागं विठाबाईचे डोळे कुठं बघताहेत ते दिसत नव्हतं, पण तिची टाच मागं सरकली आणि बाजेखालच्या पेटीला लागली.

"पेटी उघडता का?"

"तिच्यात माझी लुगडी हायत."

"मावशी, संध्याकाळी सातला मला ह्याला सुई द्यायची की नाही ते ठरवायचंय. मी चुकले तर हा मरेल. मला खरंच भीती वाटतेय. पेटी उघडा."

विठाबाईनं कमरेची किल्ली काढून दिली, पण स्वतः वाकली नाही. पुनमनं पेटी ओढली आणि हात मागं घेतला. छपराचा पत्रा वरून तापलेला, खाली लोखंड तापलेलं, चटका बसला. रुमालानं धरून बजरंगनं कुलूप काढलं असतं तर बरं, पण तो नुसता बघत उभा होता. शेवटी हुस्नानं ओढणीच्या टोकानं ते काढलं.

आत लुगडी नव्हती. चुरमुऱ्यांची पिशवी होती, पाण्याच्या दोन बाटल्या, बॅटरी, मेणबत्त्या, काड्यापेटी, सुरी, दोरी. तापाच्या गोळ्या, पट्ट्या, बजरंगच्या लहानपणीच्या दम्याचं जुनं औषध. आणि डांबरगोळ्या घातलेल्या लोकरीच्या शालीत गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या तीन कुप्या. एक थोडीच वापरलेली. टाकून दिलेली ती हीच.

"आई?" बजरंग म्हणाला. "हे काय?"

"तिला नका विचारू," पुनम म्हणाली. "मी सांगते. चुकलं तर मावशी सांगतील."

ती तिथंच जमिनीवर बसली. "नवी कुपी आली की मावशी ती पेटीत ठेवायच्या आणि पेटीतली सगळ्यात जुनी काढून फ्रिजात न्यायच्या. धान्याचं करतो ना आपण, जुनं आधी खायचं, नवं साठवायचं, तसं. म्हणजे सरपंचाला मिळणारी प्रत्येक कुपी आधी महिना-दीड महिना ह्या पेटीत राहिलेली. जानेवारीत पेटी गार होती, औषध चांगलं राहिलं, चार युनिटांत भागलं. मार्चमध्ये पेटी तापली. एप्रिलमध्ये हात लावता येईना. इन्सुलिन उन्हात मरतं. काचेवर जे पीठ बसलंय ते मेलेलं इन्सुलिन. साखर उतरेना म्हणून मी डोस वाढवत गेले. मला वाटलं गाठ वाढतेय. वाढत होतं ते ऊन."

"पण झटके?" बजरंगनं विचारलं.

"त्या दोन्ही दिवशी मावशी घरी नव्हत्या. जुनी कुपी संपलेली, पेटीची किल्ली मावशींच्या कमरेला. हुस्नानं दुकानातून बर्फात घालून ताजी आणली आणि सरळ वापरली. मार्चपासून सरपंचाला खरं, जिवंत औषध मिळालं ते ह्या दोन वेळांनाच. मेलेल्या औषधाचे चौदा त्याला पचत होते. जिवंत औषधाच्या चौदांनी तो कोसळला. मी निम्मे केले, तोवर मावशी परत आल्या होत्या आणि फ्रिजात पुन्हा जुनी कुपी होती. मेलेल्याचे सात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून तेव्हा तो खंगला." ती बजरंगकडं वळली. "आई घरी नसली की घात होतो, हे तुम्ही बरोबर पकडलंत. फक्त कारण हुस्ना नव्हती. त्या दोन दिवशी एकट्या हुस्नानं सगळं बरोबर केलं होतं."

बजरंगनं खाली बघितलं.

"आई, किती वेळा सांगितलं तुला. आता येत न्हाई भूकंप. बावीस वर्षं झाली. म्हणून तर मी मागं ती पेटी रिकामी केली होती—"

"म्हनून तर कुलूप लावलं," विठाबाई म्हणाली. तिनं चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. "तू पाच वर्षाचा, कंधारला मामाकडं व्हतास. तुला सांगितलं, तुझी थोरली बहीन सरजा भूकंपात गेली. तसं न्हाई ते."

तिनं चष्मा पदराच्या टोकात गुंडाळला.

"गनपती बुडवून झोपलो व्हतो. पाटं घर बसलं. तुझ्या बहिनीला दहा वाजता जित्ती काढली. नऊ वर्षाची. खरचटलं बी न्हवतं. पर तिला फिटा यायच्या, रोज गोळी लागायची. गोळ्याची बाटली कोनाड्यात, कोनाडा मातीखाली. दुपारपून झटके लागले. असेच, तोंडाला फेस, पाय ताठ. म्या बोटानं माती उकरली. मला ठाव व्हतं बाटली कुठं हाय, हिथं, ह्या भिताडाखाली. बारा हात माती. मिलिटरीचा डाक्टर तिसऱ्या दिशी आला." तिनं सरपंचाच्या पाठीवरून हात फिरवला. "तवापून ज्याच्यावर जीव हाय ते म्या घरात ठेवत न्हाई. तू वर तीन मजले चढवले. म्या रोज वर बघते आन् मोजते, पडलं तर कुठवर येईल."

बजरंगचं तोंड उघडं राहिलं होतं. त्या तीन मजल्यांचा त्याला केवढा अभिमान होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्या मारत व्हते व्हय ह्याला?" विठाबाईनं पुनमला विचारलं. "खरं सांगा."

खोटं बोलणं सोपं होतं. पुनमला ते जमलं नाही.

"औषध मेलं होतं, मावशी. तुम्ही ते ह्याच्यासाठीच जपलं होतं, पण मेलं होतं. आणि मी चार महिने डोस चढवत गेले, कुपी घरात आल्यावर कुठं जाते हे एकदाही विचारलं नाही. फ्रिजात, एवढं ऐकलं आणि निघाले. तुमच्याइतकीच माझीही चूक आहे."

"आता?"

"पेटीतल्या तिन्ही कुप्या जाळायच्या. आज सातला सुई नाही, दर दोन तासांनी साखर बघायची. उद्या सकाळी ताज्या कुपीतले तीन, आणि तिथून पुढं हळूहळू. गाठ खरी आहे, डोस वाढेलही कधीतरी. पण आता मला कळेल तरी की काय वाढतंय."

आकडा सापडला होता. भीती अजून होती, पण आता तिला काय करायचं ते ठाऊक होतं.

विठाबाई मात्र तशीच बसली होती. उघड्या पेटीकडं बघत.

"औषद घरात ऱ्हाईल," ती हळू म्हणाली. "बरं. फ्रिज घरात, औषद फ्रिजात. मला कळतंय डाक्टरीणबाई. पर रातच्याला मला झोप कशी यावी? मंग म्या भाईर काय ठेवू?"

ह्याचं उत्तर उदगीरच्या कॉलेजात शिकवत नाहीत.

बजरंग मेसमध्ये गेला. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला, मग प्लग ओढल्याचा, मग फरशीवर काहीतरी जड घसरत येण्याचा. दारात फ्रिजची पाठ दिसली. तो एकटाच तो ओढत होता आणि उंबऱ्यावर तो अडकला होता. दह्याचं भांडं आत कुठंतरी लवंडलं असावं, खालून पांढरा ओघळ निघाला होता.

त्यानं कपाळ पुसलं. हुस्नाकडं बघायला त्याला थोडा वेळ लागला.

"आपा," तो म्हणाला, "मघाशी मी बोललो ते... त्या बाजूनं जरा धरता का?"

हुस्नानं सलाइनची बाटली पुनमच्या हातात दिली, ओढणी कमरेला खोचली आणि दुसरी बाजू धरली. दोघांनी फ्रिज उंबऱ्यावरून उचलून अंगणात आणला, लिंबाच्या सावलीत टेकवला. वायर खिडकीतून काढता येणार होती.

"हितं ठेवू का, आई?"

विठाबाईनं वर बघितलं. एक मजला, दोन मजले, तीन. मग खाली, फ्रिजच्या पायापर्यंत.

"आजून जरा लांब," ती म्हणाली.

बजरंगनंही वर बघितलं, बहुधा पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांनी. मग त्यानं आणि हुस्नानं वाकून फ्रिज पुन्हा उचलला.